एका दमातली ललकारी

पहाटे पाचला दोहातल्या कामगार कॅम्पाच्या फाटकात बसगाड्या लागल्या की बाकीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत. धनाजी चोपदार कधीच वाजवत नसे. तो दाराच्या पायरीवर उभा राही, छाती भरून घेई आणि एकच हाक देई. "चला हो मंडळी, गाडी लागली, मागं कुणी राहू नका, यल्ला." चारी मजल्यांवर ती हाक सारखीच पोचे. बुटाची नाडी बांधणारा नेपाळी ताडकन उभा राही आणि नळावर दात घासणारा तोंड न धुताच धावत सुटे. इंडस्ट्रियल एरियातल्या त्या धुळकट रस्त्यावर बावन्न माणसं तीन मिनिटांत बसमध्ये चढत.

त्याच्याच खोलीतला देवीदास लातूरकडचा, इलेक्ट्रिशियन. पायरी चढताना रोज खोडी काढी. "काय ओ चोपदार, राजे कुठं दिसनात? सगळे मिस्त्रीच चढायलेत की."

"तुम्हीच राजे," धनाजी म्हणे. "बसा मागं."

चोपदार हे धनाजीचं आडनाव खरं, पण ते नुसतं आडनाव नव्हतं. सातारच्या बाजूला माणदेशात करंजवेढ म्हणून एक संस्थान होतं, अडीच गावांचं. अडीच यासाठी की तिसऱ्या गावातल्या ओढ्यापलीकडचा अर्धा भाग दुसऱ्याच राजाचा होता. संस्थानं जाऊन पाऊणशे वर्षं झाली. करंजवेढला उरली होती ती एक मखमली गादी. ती वर्षातून एकदा दसऱ्याला सदरेवर मांडायची, घराण्यातल्या वडील माणसानं तिच्यावर घटकाभर बसायचं, मग उठून आधी करंजाईच्या देवळात आणि नंतर गैबीपिराच्या दर्ग्यात जायचं. देवीला साडी, पिराला चादर. राजा सदरेवर यायच्या आधी धनाजीच्या घरातल्या पुरुषानं चांदीच्या मुठीची काठी जमिनीवर आपटून ललकारी द्यायची.

"करंजाईचे भोपी, गैबीपिराचे चाकर, अडीच गावांची सावली, श्रीमंत अमुक राजे सदरेस येतात हो, नजर खाली, आवाज बंद."

हे सगळं एका दमात. मधे श्वास घेतला तर ललकारी मोडली. धनाजी आठ वर्षांचा असल्यापासून तात्या, म्हणजे त्याचे वडील, त्याच्या पोटावर तळहात ठेवून ती म्हणवून घेत. पोट जिथं हललं तिथं चापट बसे. असा एक उन्हाळा गेला तेव्हा कुठं पोरगं "आवाज बंद"पर्यंत पोचलं.

काठीचाही एक नियम होता. दसऱ्याच्या सदरेवर ज्या घराचा आवाज उठतो, त्या घरात काठी राहते. एका दसऱ्याला जरी आवाज उठला नाही तरी काठी देवीच्या कोठीत जमा होते, आणि कोठीत गेलेली काठी पुढे दुसऱ्या घराला मिळते. सहा पिढ्यांत ती कधी कोठीत गेली नव्हती. धनाजीची आई सत्यभामा तिची मूठ चिंचेच्या कोळानं घासून इतकी लख्ख ठेवी की तात्या मुठीत बघून मिशी विंचरत.

गेल्या डिसेंबरात तात्या गेले. धनाजी पंधरा दिवसांची रजा काढून जाऊन आला. मग जूनमध्ये गादीचे धनी बापूसाहेब महाराज गेले. मागं मुलगा नव्हता. मुलगी होती रत्नप्रभाराजे, आणि पुतण्या होता शहाजीराजे.

शहाजीराजे गावातच राहत. त्यांचं म्हणणं, गादी देवीची आहे. पिराची चादर कुणा आजोबा-पणजोबांनी गळ्यात बांधून घेतलेली, ती आता बंद. बहीण तर गादीवर बसूच शकत नाही, कारण तिनं मडगावच्या ख्रिस्ती इंजिनियरशी लग्न केलं, ती बाटली. रत्नप्रभाराजे नवऱ्याबरोबर दोहालाच राहत, द पर्ल या समुद्रकाठच्या श्रीमंत वस्तीत अकराव्या मजल्यावर. त्यांचं म्हणणं, मी बाटलेली नाही. नवरा चर्चला जातो, मी घरच्या देवीला कुंकू लावते, आणि बाबांनी पिराला दिलेला शब्द मी पाळणार. गादी ज्याला हवी त्याला पीर पण घ्यावा लागेल. करंजवेढात या दोघांच्या नावाचे दोन व्हॉट्सॲप ग्रुप झाले. धनाजीला दोन्हींत कुणी तरी घातलं. बाहेर पडलं तर कुणाला तरी लागेल, म्हणून तो दोन्हींत राहिला.

त्याला चिंता काठीची होती. यंदाचा दसरा तात्यांशिवायचा. आवाज त्याचाच उठायला हवा. त्यानं रजेचा अर्ज दिला. सुपरवायझर जियाद माणूस सज्जन, त्यानं कागद नीट वाचला, डिसेंबरातली रजा दाखवली आणि म्हणाला, नोव्हेंबरनंतर, इन्शाल्ला. जियादच्या तोंडून इन्शाल्ला आलं की कॅम्पातली माणसं बाहेर काढलेली बॅग परत खाटेखाली सरकवत. धनाजीनंही सरकवली.

आणि ऑगस्टअखेरीस ती चूक झाली.

मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. मंडळाचा सेक्रेटरी कौशिक, आयटीतला उत्साही पोरगा. त्यानं धनाजीची हाक एकदा साइटवर ऐकली होती. मुलांचा दरबाराचा प्रवेश बसवलाय, तुम्ही नुसते दाराशी उभे राहून आवाज द्या, म्हणाला. फेटा मंडळाचा, काठी पुठ्ठ्याची, मुठीला चॉकलेटची चांदी. धनाजी विंगेत न थांबता हॉलच्या दाराशीच थांबला, तिथून आवाज भरतो म्हणून. कार्यक्रमाला पाहुणे कोण आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानंही विचारलं नव्हतं.

दार उघडलं आणि रत्नप्रभाराजे आत आल्या.

पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला चेहरा, पण नाक, कपाळ, चालायची तऱ्हा सगळी बापूसाहेबांची. धनाजीला पुढचं काही ठरवावं लागलंच नाही. तात्यांनी हाडात मुरवलेलं होतं. घराण्याचं रक्त उंबरा ओलांडतं तेव्हा चोपदार बसलेला नसतो आणि गप्प नसतो. पुठ्ठ्याची काठी फरशीवर आपटून वाकली. आवाज सुटला. करंजाईचे भोपी, गैबीपिराचे चाकर, अडीच गावांची सावली, श्रीमंत रत्नप्रभाराजे सदरेस येतात हो. एका दमात, अगदी "आवाज बंद"पर्यंत.

चारशे माणसांचा हॉल चिडीचूप झाला. मग टाळ्या. कुणाच्या तरी पोरानं शिट्टी मारली. रत्नप्रभाराजे जागच्या जागी थांबल्या, डोळे भरून आले, आणि कौशिकनं हे सगळं मोबाइलवर टिपलं.

चूक अशी की ललकाऱ्या दोन असतात. मोठी गादीच्या धन्याला. बाकी घराण्याला धाकटी, तीत ना सावली असते ना सदर, नुसतं नाव आणि मुजरा. धाकटी धनाजीला येतच नव्हती. बाविसाव्या वर्षी त्यानं गाव सोडलं, तोवर तात्यांनी एकच घटवून घेतली होती. वीस वर्षं तीच घोकलेली, तीच तोंडातून निघाली. आणि करंजवेढच्या रिवाजानं, चोपदारानं ज्याला मोठी दिली तो गादीचा धनी.

कॅम्पात येऊन त्यानं ताट धुवेपर्यंत व्हिडिओ गावात पोचला होता.

दुसऱ्याच दिवशी शहाजीराजांचा फोन आला. आवाज मऊ, तुपातला. आधी आईची चौकशी, मग बायको राजश्रीची, मग तिकडच्या उन्हाची. धनाजी बसच्या सावलीत उभा राहून हो दादासाहेब, जी दादासाहेब करत होता.

"धनाजीराव, तुम्ही आमच्या बहिणीला मोठी दिलीत."

"चुकून गेली, दादासाहेब. धाकटी मला..."

"चुकून. असू दे. आता आम्हाला मुद्दाम द्या. तुम्हाला यायला जमत नाही असं कळलं. फोनवर भरून पाठवा, आम्ही स्पीकरवर लावू. आवाज घराचाच उठला की काठी घरातच. मानकऱ्यांशी बोललोय मी."

धनाजीचा जीव भांड्यात पडला. तो दिलासा टिकला जेमतेम एका वाक्यापुरता.

"फक्त मधलं ते तेवढं वगळा."

"कुठलं, दादासाहेब?"

"तुम्हाला कळलं."

धनाजीला कळलं होतं. गैबीपीर वगळायचा होता. तो म्हणाला, ते काढलं तर दम जुळत नाही, चाल मोडते.

शहाजीराजे हसले. "उलट दम घ्यायला जागा मिळेल की. आमचं नाव तरी बसतं ना चालीत? म्हणून दाखवा बरं."

"बसतं की," धनाजी म्हणाला, आणि सवयीनं छाती भरून म्हणून दाखवलं. "श्रीमंत शहाजीराजे."

"वा," शहाजीराजे म्हणाले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी रत्नप्रभाराजांचं बोलावणं आलं. पर्लमधल्या त्या इमारतीत खाली रखवालदारानं त्याला हिंदीत विचारलं, पार्सल कुठं आहे. पार्सल नाही, मी चोपदार आहे, हे कुठल्या भाषेत सांगावं ते त्याला सुचेना, म्हणून तो ड्रायव्हर म्हणाला.

अकराव्या मजल्यावर काचेपलीकडे बोटी पांढऱ्या बगळ्यांसारख्या उभ्या होत्या. भिंतीवर बापूसाहेबांचा फोटो, त्याखाली एका फळीवर देवीचा टाक, लाकडी क्रूस आणि हिरव्या चादरीची घडी, तिघंही एका ओळीत. ताईसाहेबांनी चहा स्वतः आणून दिला. त्यांची सात वर्षांची ईशा दारातून डोकावून म्हणाली, "मम्मा, इज ही द शाउटिंग अंकल?" ताईसाहेब मराठीत रागावल्या, पोरीला समजलं, पण सॉरी ती इंग्रजीतच म्हणाली.

मग ताईसाहेब कामाचं बोलल्या. दसऱ्याला त्या स्वतः करंजवेढला जाणार होत्या. भावानं दर्ग्याला कुलूप लावायच्या आधी बाबांची चादर चढवणार होत्या. धनाजीनं एवढंच करायचं, शहाजीराजांना आवाज पाठवायचा नाही.

"ताईसाहेब, मग सदरेवर आवाज उठणार न्हाई. काठी जाईल माझी."

"गादी आपली झाली की काठीला कोण हात लावतो?"

"म्हातारीनं घासून घासून ठेवलीय वो."

"धनाजी, तुम्ही सगळ्यांसमोर मला मोठी दिलीत. माझ्या बाबांची मुलगी म्हणून मला या जगात कुणी काही दिलं असेल तर ते तेवढंच. आता चुकून दिली म्हणू नका. निदान माझ्यासमोर म्हणू नका."

तो म्हणाला नाही. चहा निवला होता, तो पिऊन उठला. त्या खोटं बोलत नव्हत्या हेच त्याला अवघड जात होतं. आणि भाऊ कितीही गोड बोलला तरी देवीवरची त्याची भक्ती काही नाटकी नव्हती, नऊ दिवस तो पाण्यावर राहायचा. दोघांच्या मधे धनाजी होता, आणि धनाजीकडे कुणी बघत नव्हतं. दोघांना हवा होता तो त्याच्या छातीतला एक दम.

संध्याकाळी त्यानं आईला फोन लावला. राजश्रीनं फोन सासूच्या कानाशी धरला. सगळं ऐकून सत्यभामा म्हणाली, "तुझा बाप काय सांगायचा? चोपदार निवडत न्हाई. समोर असंल त्याचं नाव घेतो."

"समोर कोण हाय, आई? ती तिथं, मी हितं. माझ्यासमोर बसची काच हाय."

म्हातारीनं राजश्रीला फोन नीट धरायला लावला. मग म्हणाली, "तर मग गेल्यालं नाव घे. बापूसाहेबांवर कुणाचं भांडण न्हाई."

धनाजीला ते पटलं. निदान त्याशिवाय दुसरं काही दिसेना. पुढच्या शुक्रवारी रिकामी बस कोपऱ्यात उभी करून त्यानं खिडक्या लावल्या, आवाजात घरघर येते म्हणून एसी बंद केला, आणि त्या भट्टीत उभं राहून ललकारी भरली. घाम डोळ्यांत उतरत होता. तिसऱ्या खेपेला मनासारखी झाली. देवी, पीर, अडीच गावं, श्रीमंत बापूसाहेब महाराज. एका दमात. तीच त्यानं दोघांनाही पाठवली, खाली लिहिलं की हीच दोन्हीकडे लावावी, माझ्या घराचा आवाज म्हणून. शहाजीराजांनी अंगठा पाठवला. ताईसाहेबांनी लिहिलं, पोचलं. धनाजीला त्या रात्री गाढ झोप लागली. आपण दोन्ही घरांत समेट घडवला, असंही त्याला वाटून गेलं.

दसरा शनिवारी आला. दोहात कामाचा दिवस. दुपारी अडीचला, म्हणजे गावाकडे पाच वाजता, बस साइटच्या कुंपणाला लावून धनाजीनं फोन स्टिअरिंगला टेकवून ठेवला. राजश्री व्हिडिओवर दाखवत होती. सदर रंगवलेली, आंब्याच्या डहाळ्या, मखमली गादी. काठी शहाजीराजांच्या ड्रायव्हरच्या हातात होती. आवाज स्पीकरचा, मग काठी आपटायला कुणीही चालतं, असं ठरलं होतं. कडेला सत्यभामा नव्या लुगड्यात उभी, डोळे मुठीवर.

ड्रायव्हरनं काठी आपटली. लिंबाला बांधलेल्या कर्ण्यातून आवाज उठला.

धनाजी फोनवर वाकला. त्याचाच आवाज. करंजाईचे भोपी. आणि लगेच, पिराला गाळून, अडीच गावांची सावली. आणि मग, चढत्या सुरात, श्रीमंत शहाजीराजे सदरेस येतात हो.

फोनवर म्हणून दाखवलेलं नाव. कुणीतरी कंप्युटरवर बसून ते उचललं होतं आणि बापूसाहेबांच्या जागी बसवलं होतं. सदरेवरच्या दोनशे माना खाली गेल्या. धनाजी बसमध्ये एकटा मोठ्यानं बोलला, "मी न्हाई म्हटलं हे." फोनमध्ये ते राजश्रीला तरी ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिकडं ताशा सुरू झाला होता.

अर्ध्या तासानं राजश्री गर्दीतून निघून दर्ग्याकडे गेली. तिथं वीसेक माणसं होती. मुजावराची विधवा बिलकिस हातात किल्ली घट्ट धरून दारात बसलेली. रत्नप्रभाराजे डोक्यावर चादरीचं तबक घेऊन आल्या. त्यांच्या माणसानं एक लहान स्पीकर पायरीवर ठेवला. पुन्हा धनाजीचाच आवाज. देवी, पीर, अडीच गावं, श्रीमंत रत्नप्रभाराजे. हॉलमधला तो ऑगस्टचा व्हिडिओ. शेवटी दोहातल्या टाळ्या वाजल्या आणि त्या पोराची शिट्टीसुद्धा. बापूसाहेबांचं नाव कुणालाच लागलं नव्हतं.

आपट्याची पानं वाटायच्या आधीच मानकरी पाराशी जमले. एका दसऱ्याला एकाच घराचा आवाज दोन धन्यांच्या नावानं उठला, असं कधी झालं नव्हतं. या घराचा शब्द कुणाचा धरायचा? दोन्ही भावंडांना विचारलं. शहाजीराजे म्हणाले, बहिणीला दिली ती खोटी. रत्नप्रभाराजे म्हणाल्या, भावाला दिली ती खोटी. मग निकाल होईपर्यंत काठी देवीच्या कोठीत ठेवावी का, असं विचारलं. जूनपासून ती दोघं कशावरही एक झाली नव्हती. यावर झाली. ठेवावी, म्हणाली.

ड्रायव्हर काठी घेऊन देवळाकडे चालू लागला. मोबाइलच्या चौकटीत मूठ एकदा चमकली आणि माणसांआड गेली.

मग फोनवर आई आली. चित्र हलत होतं, नुसता कान आणि पांढरे केस दिसत होते.

"मी सांगितलं त्यास्नी," ती म्हणाली. "पयल्या आवाजात मधी श्वास हाय. देवी झाल्यावर. माझ्या पोराचा दम मधी तुटत न्हाई. ह्यो त्याचा न्हवं, म्हटलं."

"मग?"

"म्हणाले, म्हातारे, स्पीकर जुना हाय. जा घरी."

धनाजीनं फोन स्टिअरिंगवरून उचलून कानाला लावला.

"दुसऱ्यात दम बरुबर हुता," सत्यभामा म्हणाली. "पर तिला धाकटी द्यायची हुतीस रं."

"मला धाकटी येत न्हाई, आई."

"ठावं हाय. त्यांनी शिकवलीच न्हाई तुला. म्हणायचे, परत येईल तवा शिकवीन." मग तिनं विचारलं, "जेवलास का?"

तो हो म्हणाला. डबा शेजारच्या सीटवर तसाच होता.

चारला साइटचं फाटक उघडलं. हेल्मेटं काखेत मारून माणसं उन्हात बाहेर पडू लागली, चार-पाच कंपन्यांची, सारखीच निळ्या कपड्यांतली. धनाजी उठून दाराच्या पायरीवर उभा राहिला. छाती भरून घेतली. कुंपणापाशी कुणीतरी वळून त्याच्याकडे बघितलंही, हाकेची वाट पाहत. त्यानं घेतलेला श्वास तसाच सोडला, आत जाऊन बसला आणि हॉर्न दाबला.

देवीदास चढताना पायरीवर थांबला. रोजची खोडी त्याच्या ओठांवर आली होती, पण धनाजीचं तोंड बघून ती तिथंच राहिली.

"काय ओ, आज हाक नाही?"

"बसा मागं," धनाजी म्हणाला.

माणसं मोजली तर दोघं कमी होती. ती कुंपणापाशीच उभी होती, इकडं तिकडं बघत. तो हॉर्न आपल्या बसचा आहे हे त्यांना कळलंच नव्हतं. धनाजीनं तो पुन्हा दाबला.